डांग्या खोकला: कल्चर, पीसीआर की रक्ताची टेस्ट, आणि कुठल्या दिवशी काय पाठवायचं

डांग्या खोकल्यासाठी सगळ्यात बेस्ट टेस्ट कुठली, हा प्रश्न दर पावसाळ्यात कोणी ना कोणी विचारतंच. कधी पीएचसीतला नवा डॉक्टर, कधी डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करणारी पोरं, कधी एखादी आई जिच्या हातात आधीच तीन रिपोर्ट आहेत आणि तिन्हींचं म्हणणं वेगळं. खरं सांगायचं तर प्रश्नच चुकीचा आहे. या रोगात टेस्ट चांगली की वाईट हे टेस्टवर कमी आणि खोकला सुरू होऊन किती दिवस झाले त्यावर जास्त ठरतं. दुसऱ्या दिवशी जी टेस्ट सोनं असते ती पाचव्या आठवड्यात कचरा, आणि पाचव्या आठवड्यात जी उपयोगाची ती दुसऱ्या दिवशी केली तर पैसे पाण्यात. म्हणून हे सगळं जरा सविस्तर लिहितोय, गोव्यात फोंडा-डिचोली-वाळपईकडे बसून नमुने पाठवणाऱ्यांसाठी आणि छोट्या लॅबमध्ये काम करणाऱ्यांसाठी.

एक गोष्ट आधीच. दोन-तीन महिन्यांचं बाळ खोकता खोकता निळं पडतंय किंवा श्वास थांबतोय असं दिसलं तर रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही, सरळ इस्पितळात. टेस्ट मागून होत राहते. एवढ्या लहान बाळाला तो टिपिकल "हूप" आवाज बरेचदा येतच नाही, नुसता श्वास अडकतो, त्यामुळे आवाज नाही म्हणजे डांग्या नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

आधी दिवस मोजा

दिवस पहिला म्हणजे पहिला खोकला, पहिली उबळ नव्हे. ही गोष्ट इतक्या वेळा चुकते की फॉर्मवर मोठ्या अक्षरात छापायला हवी. घरचे लोक काय सांगतात, "दोन आठवडे झाले हो खूप खोकतोय", म्हणजे ते उबळ सुरू झाल्यापासून मोजतात. त्याच्या आधीचा आठवडा-दीड आठवडा जो साधा सर्दी-खोकला होता, नाक गळत होतं, थोडा ताप होता, तो त्यांनी धरलेलाच नसतो. आणि जंतू सगळ्यात जास्त असतात ते नेमके त्याच दिवसांत! उबळी सुरू होईपर्यंत जंतूंची संख्या उतरणीला लागलेली असते, पण त्यांनी सोडलेल्या टॉक्सिननी श्वासनळीच्या आतल्या अस्तराचं जे नुकसान केलंय ते भरून यायला आठवडे जातात, म्हणून खोकला महिना-दोन महिने चालतो. म्हणजे पोराकडे बघून डॉक्टरला रोग ओळखू येतो तेव्हा लॅबला तो सापडायची शक्यता घसरत चाललेली असते. या रोगाची सगळी गोची इथेच आहे, आणि खाली जे जे लिहिलंय ते बहुतेक सगळं या एकाच गोष्टीभोवती फिरतं.

तारीख काढायची तर "किती दिवस झाले" असं विचारू नका, अंदाजपंचे उत्तर मिळतं. "शिगम्याला बरा होता का? युनिट टेस्टला शाळेत गेला होता का? आजीकडे गेलात तेव्हा नाक गळत होतं का?" असं विचारलं की बरोबर तारीख निघते. फॉर्मवर चार गोष्टी लिहा: पहिल्या खोकल्याची तारीख, वय, शेवटची डीपीटी किंवा पेंटाव्हॅलंट कधी घेतली, आणि अँटिबायोटिक सुरू केलंय का आणि कधीपासून. ही चौथी गोष्ट लपवली जाते असं नाही पण विसरली जाते, कारण फार्मसीतून अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या आणून देणं आपल्याकडे कोणाला औषध दिल्यासारखं वाटतच नाही.

ढोबळ हिशेब असा. पहिले दोन आठवडे कल्चर (जिवंत जंतू प्लेटवर वाढवून बघणं) आणि पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणं) दोन्ही. तिसरा आठवडा पीसीआर, कल्चर लावलं तर बोनस. चौथा आठवडा पीसीआर निगेटिव्ह आलं तरी विश्वास ठेवू नका, रक्त घ्यायचा विचार करा. त्यानंतर मोठ्या मुलात आणि मोठ्या माणसात फक्त सिरॉलॉजी, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडीची टेस्ट, साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत. त्याच्याही पुढे गेलं तर लॅबकडून फार अपेक्षा नको.

नमुना, कारण निम्मी मारामारी इथेच

घशाचा स्वॅब नको. नाकाच्या तोंडाशी फिरवून काढलेला पण नको. हा जंतू नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात, केसाळ पेशी असतात तिथे चिकटून राहतो, म्हणून स्वॅब तिथपर्यंत जायला हवा. कोविडमुळे आता सगळ्यांना तो स्वॅब माहीत आहे, पण लहान मुलात घेताना अजूनही हात आखडता घेतला जातो आणि मग नुसता शेंबूड लॅबला येतो.

पद्धत सांगतो. बाळाला आईच्या मांडीवर समोर तोंड करून बसवा, पाठ आईच्या पोटाला टेकलेली, आईचा एक हात बाळाच्या दोन्ही हातांवरून आणि दुसरा कपाळावर. डोकं किंचित मागे. नाकपुडीपासून कानापर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजा, साधारण त्याच्या निम्म्यापर्यंत स्वॅब आत जाणार. स्वॅब वर डोळ्याकडे नाही, आडवा, टाळूला समांतर, नाकाच्या तळावरून सरकवत न्यायचा. मऊसा अडथळा लागला की थांबा, दहा-पंधरा सेकंद तिथेच ठेवा, हलकेच फिरवा. बाळ खोकतं, डोळ्यांतून पाणी येतं, आई तुमच्याकडे रागाने बघते, हे सगळं झालं म्हणजे स्वॅब बरोबर जागी लागला समजा. अडथळा लवकर लागला तर जोर करू नका, दुसरी नाकपुडी बघा. सक्शनने नाकामागचा ॲस्पिरेट घ्यायची सोय असेल तर तान्ह्या बाळात तो जास्त चांगला, आणि एकाच नमुन्यातून कल्चर-पीसीआर दोन्ही भागतं.

स्वॅब कापसाचा नको, कापसातली फॅटी ॲसिड्स या जंतूला मारतात. पॉलिस्टर किंवा नायलॉनचा फ्लॉक्ड घ्या. कॅल्शियम अल्जिनेटचा स्वॅब जुन्या पुस्तकांत दिसेल, कल्चरला तो चांगलाच, पण पीसीआरची रिॲक्शन अडवतो, तेव्हा आज तो न घेतलेलाच बरा. दोन्ही टेस्ट करायच्या तर दोन स्वॅब घ्या: एक कोरडा, निर्जंतुक ट्यूबमध्ये, पीसीआरसाठी, आणि दुसरा कोळसा घातलेल्या ट्रान्सपोर्ट मीडियममध्ये, कल्चरसाठी. रेगन-लो ट्रान्सपोर्ट मिळालं तर उत्तमच, नाहीतर चारकोलवालं एमीज, थंड ठेवून, चोवीस तासांत लॅबला. म्हणजे काणकोणला किंवा पेडण्याला शनिवारी दुपारी कल्चरसाठी स्वॅब घेतलात तर तो सोमवारपर्यंत फ्रिजमध्ये पडून राहणार आणि मग "कल्चर निगेटिव्ह आलं" म्हणून बोंब मारण्यात अर्थ नाही. चवथीच्या सुट्टीच्या तोंडावर तर कल्चरला पाठवूच नका, कोरडा स्वॅब घ्या आणि पीसीआरवर भागवा. डीएनएला सुट्टीचं काही पडलेलं नसतं, जिवंत जंतूला असतं.

आणि एक फार महत्त्वाचं, जे आपल्याकडे जवळपास कोणी पाळत नाही: लसीकरणाच्या खोलीत स्वॅब घेऊ नका. पेंटाव्हॅलंट आणि डीपीटीमध्ये आख्खा मेलेला पर्टुसिसचा, म्हणजे डांग्या खोकल्याचा, जंतू असतो, म्हणजे त्याचा डीएनएही असतो. अमेरिकेत काही असेल्युलर (आख्खा जंतू नसलेल्या) लशींमध्येसुद्धा पीसीआरला सापडेल एवढा डीएनए मिळाला होता. सिरिंज भरताना थेंब उडतो, टेबलाला लागतो, ग्लव्हजला लागतो, त्याच ग्लव्हजनी स्वॅब उचलला की साध्या सर्दीचं पोर पॉझिटिव्ह. छोट्या पीएचसीत जागा एकच असते हे मान्य, मग निदान लसीकरणाच्या दिवशी स्वॅब दुसऱ्या टेबलावर, नवे ग्लव्हज घालून, किंवा सरळ बाहेरच्या व्हरांड्यात घ्या.

कल्चर

1906 साली बोर्डे आणि जांगू या दोघांनी बटाटा, ग्लिसरीन आणि रक्त घालून केलेल्या मीडियमवर हा जंतू पहिल्यांदा वाढवून दाखवला, म्हणून जंतूचं नाव बोर्डेटेला पर्टुसिस आणि मीडियमचं नाव बोर्डे-जांगू. ते मीडियम आजही चालतं पण ताजं करावं लागतं, टिकत नाही. रोजच्या कामाला कोळसा घातलेलं रेगन-लो बरं, त्यात दहा टक्के घोड्याचं रक्त आणि बाकीच्या नाकातल्या जंतूंना दाबायला सेफॅलेक्सिन. फ्रिजमध्ये काही आठवडे राहतं. घोड्याचं रक्त गोव्यात कुठून आणणार हा प्रश्न रास्त आहे, मेंढीच्या रक्तावरही काम होतं, फक्त दर बॅचला माहीत असलेला स्ट्रेन (जंतूचा वाण) लावून बघायचा की नीट वाढतोय ना. ब्लड बँकेतलं माणसाचं रक्त वापरायचा मोह टाळा, त्यात अँटिबॉडी असतात.

35-36 डिग्री, साधी हवा, आणि ओलावा. आता गंमत बघा, बाहेर जुलैत भिंतींना पाणी सुटलेलं असतं आणि इन्क्युबेटरच्या आत प्लेट सुकून तडकते. आत पाण्याचा ट्रे ठेवा आणि प्लेट सात दिवस तरी ठेवा, शक्यतो दहा. दुसरा त्रास बुरशीचा. सेफॅलेक्सिन बुरशीला काही करत नाही आणि आपल्या पावसात आठवडाभर ठेवलेल्या प्लेटवर बुरशी बसली नाही तर नवल. रोज बघा, बुरशी दिसली तर तेवढा भाग कापून काढा किंवा कडेच्या कॉलनी लगेच दुसऱ्या प्लेटवर घ्या. लाईट जाण्याबद्दल काही लिहीत नाही, ज्याच्या लॅबला इन्व्हर्टर नाही त्याने कल्चरच्या भानगडीत पडू नये.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी, बाजूने लाईट मारून, भिंगाखाली बघा. बारीक, घुमटाकार, चकचकीत कॉलनी, थर्मामीटर फुटून पाऱ्याचे कण सांडलेत अशा दिसतात. नुसत्या डोळ्यांनी, वरच्या ट्यूबलाईटखाली बघून "नो ग्रोथ" लिहिणारे खूप जण आहेत. ग्रॅम स्टेनमध्ये (जंतू रंगवून बघायची पद्धत) फिकट गुलाबी, बारीक, आखूड दांड्यासारखे. ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, युरिएज निगेटिव्ह (या दोन एन्झाइमच्या चाचण्या), मॅकॉन्की मीडियमवर वाढत नाही. भावंडं, म्हणजे बोर्डेटेलाच्याच इतर जाती, ओळखायला: पॅरापर्टुसिस जरा लवकर वाढतो, ऑक्सिडेज निगेटिव्ह, युरिएज पॉझिटिव्ह. ब्राँकिसेप्टिका युरिएज काही तासांत पॉझिटिव्ह आणि हलतो. होल्मेसाय दोन्ही निगेटिव्ह आणि तपकिरी रंग सोडतो. मग ॲन्टिसेरा (जंतूला चिकटणाऱ्या अँटिबॉडी) किंवा मॅल्डी-टॉफने (जंतूची प्रथिनं ओळखणारं मशीन) पक्कं करा.

कल्चरचं बळ कशात, तर पॉझिटिव्ह आलं की वाद संपला, स्पेसिफिसिटी (रोग नसलेल्यांना निगेटिव्ह दाखवायचं प्रमाण) शंभर टक्के धरतात. दुबळेपणा कशात, तर बहुतेक केस निसटतात. चांगल्या हातात, लवकर घेतलेल्या नमुन्यातही अर्ध्याच्या आसपास सापडतात, आणि उशीर, औषध, लसीकरण झालेलं मोठं मूल यातलं काहीही आलं की त्याहून पुष्कळ कमी. तरी कल्चर बंद करू नये असं माझं ठाम मत आहे, कारण जिवंत जंतू हातात असल्याशिवाय औषध त्याला लागू पडतं का ते नीट तपासता येत नाही. चीनमध्ये अझिथ्रोमायसिनला दाद न देणारे स्ट्रेन भरपूर पसरलेत, 23 एस आरआरएनए जीनमधल्या एका बदलामुळे. आपल्याकडे तसं काही येतंय का हे कळायला कोणीतरी प्लेट लावत राहिलं पाहिजे ना!

पीसीआर

पीसीआरची भीती आता कोणाला राहिली नाही. 2020 च्या मार्चमध्ये सुरुवातीला आपले कोविडचे स्वॅब पुण्याला एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू संस्थेत) जायचे, मग गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) मशीन लागली, आणि टीबीसाठी ट्रूनॅट हे छोटं पीसीआर मशीन तर आपल्याच वेर्ण्याच्या कंपनीचं. मशीन आहेत, चालवणारे आहेत. पर्टुसिसला प्रश्न मशीनचा नाहीये, टार्गेटचा, म्हणजे डीएनएचा कुठला तुकडा शोधायचा त्याचा आहे, आणि किट घेताना सेल्सवाल्याला पहिला प्रश्न तोच विचारा: टार्गेट कुठलं?

बहुतेक किट आयएस481 नावाचा तुकडा शोधतात. पर्टुसिसच्या एका जंतूत या तुकड्याच्या पन्नासपासून दोनशेहून जास्त कॉपी असतात, म्हणून टेस्ट जबरदस्त सेन्सिटिव्ह, एका जंतूपेक्षा कमी माल असला तरी सिग्नल देते. आणि म्हणूनच कंटॅमिनेशनलाही तेवढीच हळवी. शिवाय हाच तुकडा होल्मेसायमध्ये असतो आणि ब्राँकिसेप्टिकाच्या काही स्ट्रेनमध्ये पण सापडतो. त्यामुळे आयएस481 एकटं पॉझिटिव्ह म्हणजे "पर्टुसिस असण्याची दाट शक्यता", "पर्टुसिसच" नव्हे. दुसरं टार्गेट म्हणजे पर्टुसिस टॉक्सिनचा जीन, पीटीएक्स-एस1 वगैरे. त्याची एकच कॉपी असते, म्हणून तो कमी नमुन्यांत सापडतो. आयएस1001 पॅरापर्टुसिससाठी. दोन-तीन टार्गेटवालं किट मिळत असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी तेच घ्या. मोठ्या इस्पितळांतली ती महागडी वीस-पंचवीस जंतूंची श्वसनाची पॅनल असतात ना, त्यातली काही पर्टुसिससाठी एकच कॉपी असलेलं टार्गेट वापरतात, त्यामुळे पॅनल निगेटिव्ह पण डॉक्टरचा संशय पक्का, अशा वेळी आयएस481 वेगळं करून बघण्यात मुद्दा आहे.

सीटी व्हॅल्यूबद्दल (किती फेऱ्यांनी सिग्नल दिसला तो आकडा; जितका जास्त तितका डीएनए कमी): आयएस481 साठी साधारण 35 च्या आत पॉझिटिव्ह, 35 ते 40 म्हणजे इंडिटरमिनेट असं बऱ्याच लॅब धरतात, पण ही कट-ऑफ स्वतःच्या मशीनवर तपासूनच ठरवायची. 38 ला आलेला सिग्नल खरा उशिराचा केस असू शकतो, होल्मेसाय असू शकतो, किंवा लशीच्या टेबलावरचा थेंब. अशा रिपोर्टवर नुसतं "पॉझिटिव्ह" ठोकू नका, डॉक्टरला फोन करा, दिवस विचारा, परत स्वॅब मागा. प्रत्येक रनला रिकामा कंट्रोल, आणि माणसाच्या जीनचा कंट्रोल पण हवा, ज्याने कळतं की स्वॅबवर नाकातल्या पेशी आल्यात तरी का. तो कंट्रोल फेल झाला तर स्वॅब नाकात गेलाच नव्हता, निगेटिव्ह लिहायचा अधिकार तुम्हाला नाही.

अँटिबायोटिक सुरू झाल्यावर पीसीआर कल्चरपेक्षा जास्त दिवस तग धरतं कारण त्याला मेलेला जंतूही चालतो, पण पाचेक दिवसांचं औषध झाल्यावर त्याचाही भरवसा नाही.

खोकला नसलेल्या माणसाची पीसीआर करू नका. 2006 साली अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या डार्टमथ-हिचकॉक मेडिकल सेंटरमध्ये डांग्या खोकल्याची साथ आली असं समजून जवळपास हजार कर्मचाऱ्यांची तपासणी झाली, पीसीआरवर 142 जणांना रोग असल्याचं सांगितलं गेलं, हजारो लोकांना औषधं-लशी दिल्या, आणि शेवटी कल्चरमध्ये एकही पर्टुसिस सापडला नाही. साधी सर्दी होती. गणित करून बघा: समजा हजार लोकांत खरे रुग्ण 5, आणि टेस्टची स्पेसिफिसिटी 97 टक्के, जी ऐकायला झकास वाटते. तर उरलेल्या 995 पैकी 30 जण फुकटचे पॉझिटिव्ह. म्हणजे 35 पॉझिटिव्हमध्ये खरे फक्त 5. तीच टेस्ट उबळी येणाऱ्या, उलटी होणाऱ्या मुलांत केली की बहुतेक पॉझिटिव्ह खरे निघतात. टेस्ट बदललेली नाही, तुम्ही कोणाला केली ते बदललं.

रक्ताची टेस्ट

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. कामाची टेस्ट एकच: पर्टुसिस टॉक्सिनविरुद्धची आयजीजी (अँटिबॉडीचा एक प्रकार), एलायझा पद्धतीने, आणि आकडा इंटरनॅशनल युनिटमध्ये, म्हणजे डब्ल्यूएचओच्या स्टँडर्डशी जोडलेला. टॉक्सिनच का, तर ते फक्त पर्टुसिसच बनवतो. किटमध्ये टॉक्सिनसोबत एफएचए (जंतूचं आणखी एक प्रथिन) मिसळलेलं असेल तर ते नको, एफएचए पॅरापर्टुसिससारख्या भावंडांतही असतं आणि मग नक्की कशाला रिॲक्शन आली ते सांगता येत नाही. आयजीएम या दुसऱ्या प्रकारच्या अँटिबॉडीची टेस्ट सर्रास विकली जाते, रिपोर्टवर छान दिसते, पण निदानासाठी तिच्यावर विसंबू नये.

रक्त कधी? खोकला सुरू होऊन दोन आठवडे झाल्यावर, खरं तर तीन झाल्यावर जास्त चांगलं. युरोपातल्या रेफरन्स लॅबच्या शिफारशीप्रमाणे एका नमुन्यात 100 युनिटच्या वर म्हणजे अलीकडचं इन्फेक्शन, 40 च्या खाली म्हणजे पुरावा नाही, मधलं अधांतरी, दोन-तीन आठवड्यांनी दुसरा नमुना घेऊन चढउतार बघायचा.

पण लस. आपल्या सरकारी वेळापत्रकात पेंटाव्हॅलंट सहा, दहा, चौदा आठवड्यांना, मग डीपीटी बूस्टर दीड वर्षाच्या आसपास आणि पाच-सहा वर्षांना. लशीमुळेही टॉक्सिनची आयजीजी वाढू शकते, म्हणून शेवटच्या डोसनंतर वर्षभर तरी आकड्यावरून काही ठरवू नये. सहा वर्षांच्या पोराचा हाय टायटर (अँटिबॉडीचा आकडा) म्हणजे बूस्टरच असू शकतो. दहा आणि सोळा वर्षांना जी टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) मिळते त्यात पर्टुसिसचा भाग नाहीये, तेव्हा तेरा वर्षांच्या मुलीत, जिने खाजगीत टीडॅप (पर्टुसिसचा भाग असलेली लस) घेतलेली नाही, 100 च्या वरचा आकडा खरंच काहीतरी सांगतो. तान्ह्या बाळात ही टेस्ट करूच नका: बाळाच्या रक्तात आईची आयजीजी असते, शिवाय त्याचं स्वतःचं शरीर एवढ्या लवकर नीट अँटिबॉडी बनवत नाही.

बाकीचं पटकन. फ्लुरोसंट अँटिबॉडी लावून स्वॅबची स्लाईड बघायची पद्धत जुन्या पुस्तकांत आहे, आता कोणी शिफारस करत नाही. मुलाच्या तोंडासमोर प्लेट धरून खोकायला लावायची "कफ प्लेट" 1916 च्या सुमारास डेन्मार्कमधून आली, 1930 च्या दशकात मिशिगनमध्ये पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोघी दिवसभर लॅबमधलं काम संपवून घरोघर फिरून अशा प्लेट गोळा करायच्या आणि त्यातूनच पुढे त्यांची लस आली, पण निदानाला ती आज वापरू नका. साधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) मात्र जरूर करा, डांग्याचं निदान तिने होत नाही, पण तान्ह्या बाळात पांढऱ्या पेशी, त्यातही लिम्फोसाइट, भसाभस वाढायला लागल्या तर धोका जवळ आला असं समजा. तीस हजारांच्या वर आकडा दिसला की लॅबने रिपोर्ट प्रिंट व्हायची वाट न बघता फोन करावा. हे वाळपईतही होतं, त्याला पीसीआर लागत नाही.

स्वतःच्या लॅबमध्ये पद्धती ताडून बघायच्या तर

नवं किट आलं की लोक काय करतात, कल्चरला खरं मानतात आणि पीसीआर त्याच्याशी जुळवतात. फसायला होतं. समजा तीन आठवड्यांच्या आतल्या 60 मुलांचे दोन-दोन स्वॅब घेतले. कल्चर पॉझिटिव्ह 8, पीसीआर पॉझिटिव्ह 20, आणि कल्चरचे आठही त्या वीसमध्ये. कल्चर म्हणजे सत्य धरलं तर पीसीआरची सेन्सिटिव्हिटी (खऱ्या रुग्णांना पकडायचं प्रमाण) 100 टक्के पण स्पेसिफिसिटी 52 पैकी 40, म्हणजे 77 टक्के, अगदीच टुकार! आता त्या जादा बारा मुलांकडे वळा. दुसऱ्या टार्गेटवर पॉझिटिव्ह आहे का, घरात पक्का केस आहे का, महिन्याने टायटर चढला का. समजा दहा खरे ठरले. आता खरे रुग्ण 18. कल्चरची सेन्सिटिव्हिटी 18 पैकी 8, म्हणजे 44 टक्के, आणि पीसीआरची स्पेसिफिसिटी 42 पैकी 40, म्हणजे 95. नमुने तेच, ताळा वेगळा.

पण इथेही एक पळवाट असते. फक्त पीसीआरचे जादा पॉझिटिव्हच परत तपासले तर निकाल आपोआप पीसीआरच्या बाजूने झुकतो, कारण ज्या 40 मुलांत दोन्ही निगेटिव्ह आले त्यांत निसटलेले कोणी होते का हे तुम्ही विचारलंच नाही. म्हणून निगेटिव्हमधल्या काही मुलांचेही, विशेषतः उबळी असलेल्यांचे, पुढचे नमुने घ्या. आणि खरा रुग्ण कोणाला म्हणायचं ते निकाल बघायच्या आधी कागदावर लिहून ठेवा. टेबल करताना दिवसांप्रमाणे वेगळे रकाने करा, पहिले दोन आठवडे, तिसरा, चौथा. सगळे एकत्र ओतून एकच टक्का काढलात तर तो टक्का तुमच्या टेस्टचा नाही, तुमच्याकडे पेशंट किती उशिरा येतात त्याचा असतो. लसीकरण झालेले आणि न झालेले वेगळे करता आले तर आणखी बरं.

किंमत धरताना नुसती किटची धरू नका. कल्चरला मीडियम स्वस्त पडतं पण माणसाचे दहा दिवस जातात. पीसीआरला नमुने साठवून आठवड्यातून एकदा रन केलं तर स्वस्त पडतं, पण मग "पीसीआर लवकर निकाल देतं" हा मुद्दाच गेला.

रिपोर्टवर काय लिहायचं

नुसतं "नॉट डिटेक्टेड" लिहून मोकळं होऊ नका. खाली एक ओळ टाका: "नमुना खोकल्याच्या 24 व्या दिवशी घेतला, अझिथ्रोमायसिन 3 दिवस चालू, या टप्प्यावर निगेटिव्ह निकालाने पर्टुसिस नाकारता येत नाही." आयएस481 एकटं पॉझिटिव्ह असेल तर तसं स्पष्ट लिहा, सीटी द्या, होल्मेसायची शक्यता नोंदवा. सिरॉलॉजीत आकडा, युनिट आणि शेवटच्या लशीची तारीख एकाच ओळीत येऊ द्या. फॉर्मवर तारीखच नसेल तर नमुना फेकायचा नाही पण रिपोर्ट अडवून फोन करायचा, पीएचसीतल्या सिस्टरला हे एकदोनदा केलं की पुढच्या वेळेपासून ती तारीख स्वतःच लिहून पाठवते. पॉझिटिव्ह आला तर डॉक्टरसोबत तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यालाही कळवा, घरात तान्हं बाळ किंवा गरोदर बाई आहे का ते त्याच फोनवर सांगा, कारण त्यांना औषध द्यायचं की नाही हा निर्णय रिपोर्टच्या प्रिंटआउटसाठी थांबू नये. आणि कल्चरची वाढ मिळाली असेल तर ती ग्लिसरॉलमध्ये उणे 70 ला ठेवा, टोपणावर तारीख आणि नमुन्याचा नंबर घाला आणि रेफरन्स लॅबला औषधाच्या टेस्टिंगसाठी पाठवायची सोय आधीच बोलून ठेवा.